टाका सारखा यायला मशीनमध्ये काय बघायचं

पुण्याहून भाचीने तीन मशीनांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मामा, फ्री-मोशनसाठी ह्यातलं कुठलं घेऊ? टाका एकसारखा आला पाहिजे." फ्री-मोशन म्हणजे शिलाई मशीनवर कापड हातांनी हवं तसं फिरवत गोधडीवर नक्षी शिवणं. पहिल्यात दोनशेच्या वर नक्षीचे टाके, दुसऱ्यात नाव काढायची सोय, तिसऱ्याला टच स्क्रीन. तिन्ही फोटोंत सुईखालची प्लेट दिसत नव्हती, पॅडल दिसत नव्हतं, आणि सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंत जागा किती ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला बघायचं होतं ते नेमकं एवढंच.

उत्तर लांबत गेलं, म्हणून इथेच टाकतोय. तिलाही मिळेल आणि अजून कुणाला लागलं तर त्यांनाही.

मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत होतो. रिटायर झाल्यापासून गोधड्या शिवतो. आमच्या पाथर्डी फाट्याच्या कॉलनीत काहींना ह्याचं अजून हसू येतं, पण निफाडचा पारा घसरला की तीच मंडळी "काका, नातवाला एखादी लहानशी कराल का" म्हणत दारात येतात. नोकरीत खिशात पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी असायची. ती अजून आहे, आता टाक्यांवर ठेवतो.

साध्या शिवणात फूटखालचे, म्हणजे सुईभोवती कापड दाबून धरणाऱ्या भागाखालचे, दाते कापड मागे ओढतात. टाका किती लांब ते मशीनवरची घुंडी ठरवते. फ्री-मोशनमध्ये आपण ते दाते खाली पाडतो किंवा झाकतो, आणि कापड दोन्ही हातांनी हवं तिकडे फिरवतो. म्हणजे टाक्याची लांबी ठरवणारं मशीनमध्ये काही उरतच नाही. सुई मिनिटाला किती वेळा खाली जाते आणि तेवढ्या वेळात हात कापड किती सरकवतो, संपलं. लेथवर उभं राहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही: आरपीएम आणि फीड, म्हणजे फिरण्याची गती आणि सरकवण्याची गती. फीड हातचं असेल तर निदान आरपीएम तरी ठरलेल्या जागी राहायला हवं, नाहीतर पृष्ठभाग खडबडीत येणारच.

हिशोब सोपा आहे. इंचाला दहा टाके, म्हणजे अडीच मिलिमीटरचा टाका, बहुतेकांना डोळ्याला बरा दिसतो. सुई मिनिटाला ६०० टाके घालत असेल तर सेकंदाला दहा झाले. मग हात सेकंदाला बरोबर एक इंच सरकला पाहिजे. सुई १,००० वर नेली तर हातानेही त्याच प्रमाणात पळायला हवं. पळाला नाही तर टाके मुंगीएवढे बारीक पडतात आणि दोरा तुटायला लागतो.

म्हणून मशीन बघायच्या आधी स्वतःचा हात मोजावा. ह्याला खर्च शून्य. कोऱ्या कागदावर पेन्सिलने, न थांबता, गोधडीवर काढणार तशी वळणं अर्धा मिनिट काढायची. फोनवर टायमर लावायचा. मग त्या रेघेवर दोरा बसवत न्यायचा, सरळ करायचा आणि पट्टीवर मोजायचा. माझी रेघ भरली २४ इंच. म्हणजे मिनिटाला ४८ इंच, आणि इंचाला दहा टाके हवे असतील तर मला मिनिटाला ४८० टाक्यांचं मशीन लागतं. सौ.ने त्याच कागदावर काढली ती ३६ इंच निघाली. तिला ७२० लागतात. माझ्यासाठी ५०० वर लावलेल्या मशीनवर ती बसली की इंचाला सातच्या आसपास टाके पडतात आणि वर मलाच ऐकवते, "अहो, तुमचं मशीन मोठे टाके घालतं." कापडावर हात कागदापेक्षा थोडा जडच चालतो, तेव्हा आकडा किंचित खाली धरायचा. पण कुठल्या पट्ट्यात खरेदी करायची ते कळतं.

एकदा हे कळलं की जाहिरातीतल्या बऱ्याच गोष्टी आपोआप गळतात. कमाल गती आपल्याला नकोच आहे. आपल्याला हवंय पाचशे-सहाशेवर न डगमगता चालणारं, आणि त्या मंद गतीतही चार-पाच थरांतून सुई तितक्याच जोराने घालणारं मशीन.

इथे स्वस्तातल्या घरगुती मशीनांची पंचाईत होते. त्यांचं पॅडल मोटरला मिळणारी वीज कमी-जास्त करतं, बाकी काही नाही. हळू चालवलं की जोरही कमी. शिवणीवर शिवण आली, जाड जागा आली, की सुई रेंगाळते. आपण पाय दाबतो, जाड जागा सरते आणि मशीन एकदम सुसाट सुटतं. तिथे पट्टी ठेवून बघा, जाड जागेच्या आधी वेगळे टाके, नंतर वेगळे. चांगल्या इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये मोटर किती फिरतेय ते आतून तपासलं जातं आणि भार आला की ताकद वाढवली जाते. त्यात कमाल गतीला लगाम घालणारी सरकपट्टी असेल तर फारच उत्तम. ती पाचशेवर ठेवायची, पॅडल पूर्ण दाबायचं आणि पायाला विसरून जायचं. पायाला काम राहिलं नाही की हात आपोआप सुधारतो. भाचीच्या तीनपैकी एका मशीनला अशी पट्टी आहे, बाकीच्या दोघांची चौकशी तिने करावी.

आता प्लेटबद्दल, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. झिगझॅग घालणाऱ्या मशीनला सुईखाली आडवी लांब फट असते, सुईला डावी-उजवीकडे जायला. फ्री-मोशनमध्ये आपण कापड आडवं ओढतो तेव्हा सुई थोडी वाकते, कापडही त्या फटीत दाबलं जातं, आणि खालचा हूक दोऱ्याचा फास पकडायला चुकतो. टाका सुटतो किंवा लांब पडतो. सरळ टाक्याच्या प्लेटला एकच गोल भोक असतं, कापडाला चारी बाजूंनी आधार मिळतो. बऱ्याच मशीनांना ती वेगळी विकत मिळते. मागून घ्या. फक्त ती बसवलेली असताना घुंडी झिगझॅगवर फिरवली तर सुई प्लेटवर आपटून तुटते. चष्मा लावून शिवा.

टाका आपोआप सारखा ठेवणारी मशीनं आहेत का? आहेत. स्वित्झर्लंडची बर्निना ही १८९३ पासूनची कंपनी, त्यांचा बीएसआर नावाचा फूट येतो. ऑप्टिकल माऊसचंच तत्त्व: फूटच्या पोटात सेन्सर आहे, तो खालचं कापड किती सरकलं ते सतत वाचतो, आणि मशीन त्याप्रमाणे सुईची गती वाढवतं किंवा कमी करतं. तुम्ही अडीच मिलिमीटर सांगा, हात हळू गेला तर सुई हळू, हात पळाला तर सुई पळते. त्यात दोन तऱ्हा आहेत. एकीत हात थांबला तरी सुई हळूहळू चालत राहते, दुसरीत हात थांबला की सुईही थांबते. जॅनोम आणि फाफच्या वरच्या मॉडेलांतही आता अशी सोय आली आहे. मोठ्या चौकटीवरची लाँगआर्म मशीनं वेगळी. तिथे कापड ताणून बसवलेलं असतं आणि मशीनच रुळावर फिरतं, म्हणून मोजणी चाकांवरच्या एन्कोडरने, म्हणजे चाक किती फिरलं ते टिपणाऱ्या सेन्सरने होते.

मुंबईत एका दालनात सेन्सरवाल्या मशीनवर मला बसू दिलं होतं. खोटं कशाला बोलू, टाके पट्टीवर बसवले तर फरक दिसेना. लांबीचा प्रश्न ते सोडवतं. पण वळण गोल आलं की खडबडीत, हे हाताचंच राहतं, आणि हाताने मोटरच्या झेपेबाहेर धाव घेतली तर तेही टाका सांभाळू शकत नाही, नुसतं पिप-पिप करतं. पहिल्या तऱ्हेत हात टोकावर रेंगाळला की त्याच जागी टाक्यांची गाठ साचते. किंमत लाखांत. विकायला गोधड्या करणाऱ्याला ते परवडेल, एकसारख्या टाक्याचे पैसे मिळतात. माझ्यासारख्याने वर्षात चार गोधड्या करायच्या आणि त्या नातेवाइकांत वाटायच्या, त्याला हा सौदा पटत नाही. शिवाय मला मोजायला काही शिल्लक राहिलं नसतं!

फ्री-मोशन म्हटलं की लोकांना ही परदेशातून आलेली विद्या वाटते. तसं बघितलं तर मशीनवरच्या गोधडीला तिकडेही मान उशिराच मिळाला. अमेरिकेत केंटकीतल्या पड्युका इथे रजयांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे मशीनवर शिवलेल्या रजईला सर्वोच्च पारितोषिक पहिल्यांदा मिळालं ते १९८९ साली, कॅरिल ब्रायर फॉलर्ट ह्यांच्या रजईला. तोवर हाताचा टाका तो खरा टाका, हे तिथेही होतंच. आमच्या सासूबाई आजही मशीनवर केलेलीला गोधडी म्हणत नाहीत, "पांघरूण" म्हणतात.

पण जुन्या नाशकात काळ्या पायमशीनवर रिंग लावून भरतकाम करणाऱ्या बायका किती वर्षं हेच करतायत! फूट काढून ठेवलेला, दाते पाडलेले, कापड लाकडी रिंगेत ताणलेलं आणि दोन्ही हात रिंगेवर. ह्यालाच आपण आता फ्री-मोशन म्हणतो. भद्रकालीच्या बाजूला अशा एका ताईंकडे मी बराच वेळ नुसता बसून होतो. त्यांचा पाय बघण्यासारखा आहे. तो थांबत नाही, घाईही करत नाही. पाकळीच्या टोकाशी हात वळतो तेव्हा आपला पाय आपसूक हलका होतो, त्यांचा होत नाही. "भाऊ, पाय गाणं म्हणतो तसा चालू द्यायचा. हाताने त्याच्या तालात यायचं, पायाने हाताच्या मागे जायचं नाही," असं त्या म्हणाल्या. मी घरी येऊन माझे जुने तुकडे मोजले. सरळ भागात इंचाला सहा टाके, टोकाला चौदा. टोकाशी हात थबकत होता आणि सुई आपली चालूच. हाताला वळणावर थबकायची सवय असते, ती आधी मोडावी लागते. टोकदार नक्षीऐवजी सुरुवातीला जोडून लिहिलेल्या लहान इंग्रजी ई (e) अक्षरासारखी गोल वळणं घ्यावीत ती ह्याचसाठी.

काळं पायमशीन घरात असेल तर त्याला कमी लेखू नका. गोल भोकाची प्लेट, फक्त सरळ टाका, आणि खालचं जड चाक एकदा फिरलं की त्याच्या वेगात चटकन फरक पडत नाही. काही मशीनांना दाते पाडायचा स्क्रू असतो. नसेल तर टाक्याची लांबी शून्यावर आणून दात्यांवर पातळ पत्रा किंवा कार्ड चिकटवतात. हाताने चाक फिरवायचं मशीन मात्र चालणार नाही, एक हात चाकावर अडकतो. पायमशीनची खरी अडचण जागेची. खांबापर्यंतच्या जेमतेम सहा-सात इंचांत डबल बेडची गोधडी गुंडाळून बसवणं म्हणजे घाम. पाळण्यातली दुपटी, उशीची खोळ, बसायची आसनं, एवढं त्यावर सुखाने होतं.

माझा स्वतःचा निर्णय ऐकून बऱ्याच जणांनी कपाळाला हात लावला. मी इंडस्ट्रियल मशीन घेतलं. शर्ट शिवणाऱ्या युनिटमध्ये असतं ते. आपल्याकडे शिंपी त्याला सरसकट "जुकी" म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो. खऱ्या जुकीच्या डीडीएल ८७०० ह्या मॉडेलची कमाल गती मिनिटाला ५,५०० टाके आहे, आणि मला हवेत पाचशे. ऐकायला वेडेपणा वाटतो. पण सतत पूर्ण वेगाने फिरणारी जुनी क्लच मोटर जाऊन गती नेमकी ठरवता येणारी सर्व्हो मोटर आल्यापासून हे मशीन एकेक टाका घालत सरकू शकतं, आणि मोटरवर आकडा लावून ठेवला की जाड शिवण येवो नाहीतर पातळ मलमल, त्याच आकड्यावर राहतं. गोल भोकाची प्लेट मुळातच असते. सुईपासून खांबापर्यंत जागा घरगुतीपेक्षा ऐसपैस. फूट गुडघ्याने उचलता येतो, म्हणजे हात कापडावरच राहतात. जुकीचंच टीएल-२०१०क्यू हे मॉडेल घरगुती टेबलावर मावतं, तेही सरळ टाक्याचंच, मिनिटाला १,५०० टाक्यांचं, आणि त्यात गतीला लगाम घालायची सोय आहे. जागेची अडचण असेल त्यांनी ते बघावं. मला मिळालेल्या कोटेशनांत नवं सर्व्होवालं इंडस्ट्रियल मशीन टच स्क्रीनवाल्या घरगुती मशीनपेक्षा स्वस्त होतं.

पण मी ते घेतलं ते टेबलासाठी. इंडस्ट्रियल मशीन टेबलात खाली बसवलेलं असतं, शिवायची जागा आणि टेबल एका पातळीत. जुन्या सुती साड्यांचे थर घातलेली मोठी गोधडी तीन-चार किलोंची होते. तिचा एक कोपरा टेबलावरून खाली लोंबला की ते वजन मागे ओढत राहतं. हात जोर लावतो, कापड अडतं, मग एकदम सुटतं. पट्टीवर तीन बारीक टाके आणि एक लांब टाका असा नमुना दिसला तर तुमचं मशीन ठीक आहे, गोधडी लोंबतेय. कितीही महागाचा सेन्सर लावा, हा हिसका जात नाही, नक्षीत कोपरा दिसतोच. मी डावीकडे आणि मागे जुनी दोन टेबलं जोडली आहेत. घरगुती मशीन असेल तर सुताराकडून प्लायवूडच्या टेबलाला मापाने खाच पाडून घ्या, मशीन आत उतरवा. ह्या खर्चाने टाका जितका सुधारतो तितका अजून दहा-वीस हजार मशीनवर घालून सुधारत नाही.

इंडस्ट्रियलची कटकट तेलाची. खाली तेलाची ट्रे असते, तिथून पंप तेल वर चढवतो, आणि पंप चालतो मशीनच्या गतीवर. मशीनच्या डोक्यावर छोटी गोल काच आहे. तेल वर पोचत असेल तर काचेत आतून थेंब उडताना दिसतात. पाचशेवर चालवताना ती काच मला कोरडी दिसायची. म्हणून बसायच्या आधी फूट वर उचलून, दोरा काढून, मशीन मिनिटभर वेगात पळवतो. काचेत थेंब नाचायला लागले की गती खाली आणतो. त्यानंतर पहिल्या दोन-तीन ओळी चिंधीवर, कारण सुईच्या दांड्यावरून एखादा थेंब उतरतोच आणि पांढऱ्या अस्तरावर बसला की कायमचा. हे रोजचं झंझट नको असेल तर हे मशीन घेऊ नका. आमच्याकडे ते मागच्या खोलीत वॉशिंग मशीनच्या शेजारी आहे. "हॉलमध्ये कारखाना येणार नाही," असं आधीच बजावण्यात आलं होतं.

दुकानात जाताना स्वतःचा तुकडा न्या. मेन रोडच्या आजूबाजूच्या दुकानांत मशीन दाखवतात ते कडक खळ दिलेल्या दुपदरी कापडावर. त्यावर कुठलंही मशीन छान चालतं. मी फूटभराचा चौकोन नेतो: वर जुनी सुती साडी, मध्ये कापसाचा थर, खाली मालेगावच्या मागावरचं जाडसर कापड, आणि मधोमध मुद्दाम एक चार पदरी शिवण. वरचा दोरा लाल, बॉबिनमधला पिवळा. सुई १४ नंबरची, नवी. साड्यांचे थर जास्त असतील तर १६.

आधी पॅडल इतकं हलकं दाबायचं की सुई एकच टाका घालून थांबली पाहिजे. गुरगुरत राहिली आणि मग एकदम सुटली तर उठा. नंतर जाड शिवणीवरून जायचं. मग गोल वळणं. फ्री-मोशनचा फूट कापडाला दाबून धरणारा नको, सुई वर असताना कापड मोकळं सरकलं पाहिजे, पण इतकाही उंच नको की कापड सुईबरोबर वर उचललं जाईल. त्या फूटची उंची कमी-जास्त करता येते का ते विचारा.

मग तुकडा उलटा करा. पुढून सगळं गोड दिसतं. मागे वळणांच्या बाहेरच्या कडेला लाल दोऱ्याचे बारीक फास पापण्यांसारखे आले असतील तर वळणावर हात सुईपेक्षा पुढे पळालाय, किंवा वरच्या दोऱ्याचं टेन्शन (ताण) सैल आहे. तेच वळण हात हळू करून पुन्हा घ्या. पापण्या गेल्या तर हाताचं होतं. तशाच राहिल्या तर टेन्शन थोडं घट्ट करायला सांगा, तरी राहिल्या तर ते मशीन तिथेच राहू द्या. पुढच्या बाजूला पिवळे ठिपके दिसले तर उलटं, वरचं टेन्शन जास्त घट्ट आहे.

इंडस्ट्रियल घेणाऱ्यांसाठी एक शेवटचं. त्याचे दाते खाली पडत नाहीत, दोन स्क्रू काढून ते बाहेरच काढावे लागतात, आणि स्प्रिंगचा फूट वेगळा घ्यावा लागतो, भरतकामवाल्यांकडे मिळतो तो. दुकानदार म्हणेल, दाते काढले की मशीन कामातून गेलं. ऐकू नका. त्याच्यासमोर काढून घ्या, कसे बसवायचे त्याचा फोटो काढा, आणि दोन्ही स्क्रू एका डबीत घालून डबी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाका. घरातलं पडद्याचं, उशीचं साधं शिवण निघालं की ते परत लागणारच आहेत.